चोराने दाखवण्याआधी आपणच दाखवू: अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणींना खुलं पत्र

माननीय अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या वर्षभराच्या कार्यक्रमांमधली फक्त ४० मिनिटं मागायला हे पत्र लिहीत आहोत. त्यासाठी पाहुणा वक्ता नको, सभागृहाचं वेगळं भाडं नको. एक प्रोजेक्टर, विंडोजचा कुठलाही साधा लॅपटॉप आणि समोर बसलेले आजी-आजोबा एवढं पुरे. रविवारच्या मराठी शाळेत नातवंडांना सोडायला आलेली ज्येष्ठ मंडळी वर्ग सुटेपर्यंत बाहेर बसून असतात. आम्हाला तीच वेळ सगळ्यात योग्य वाटते.

विषय आहे ‘मी मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय’ असं सांगत येणाऱ्या फोनचा. या फसवणुकीत तांत्रिक करामत फार थोडी असते. विंडोजमध्ये चार-पाच अगदी नेहमीच्या स्क्रीन आहेत, ज्या घरी कॉम्प्युटर वापरणाऱ्याने जन्मात उघडलेल्या नसतात. त्या पहिल्यांदा उघडून दाखवतो तो चोर, आणि त्यांचा अर्थही तोच सांगतो. सगळा डोलारा त्यावर उभा आहे. म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की त्या स्क्रीन आधी मंडळाने दाखवाव्यात.

एफबीआयच्या इंटरनेट तक्रार केंद्राकडे, म्हणजे आयसी३कडे, तोतया टेक सपोर्टच्या तक्रारींमध्ये नोंदवलेलं नुकसान २०२३ साली सुमारे ९२ कोटी डॉलर होतं. २०२४ साली ते १४६ कोटींवर गेलं. त्यात साठीच्या पुढच्या लोकांचा वाटा मोठा आहे. आणि मराठी माणसाचा याच्याशी संबंध फक्त फोन घेणाऱ्या बाजूने नाही, हेही स्पष्ट बोलायला हवं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा तिथून अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी बनून फोन केले जात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये भारतभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यातली काही प्रकरणं मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या तक्रारींवरून उभी राहिली होती. तेव्हा फोनवर आपल्यासारखा उच्चार ऐकू आला, ‘अंकल, आंटी’ अशी हाक आली, तर आपल्या ज्येष्ठांना जो क्षणभर दिलासा वाटतो, तोच इथे धोक्याचा आहे.

संपर्क तीन वाटांनी होतो. पहिली वाट सरळ फोनची. फोन करणाऱ्याकडे नाव आणि पत्ता असतो, कारण असल्या याद्या बाजारात विकत मिळतात. ‘तुमच्या विंडोजकडून आमच्या सर्व्हरला एरर येताहेत’ असं तो म्हणतो. विंडोज काही तांत्रिक माहिती मायक्रोसॉफ्टकडे पाठवतं हे खरं, पण ती पाहून कुणी घरी फोन करत नाही. आपण स्वतः मदत मागितलेली नसताना मायक्रोसॉफ्ट कुणालाही फोन करत नाही. दुसरी वाट पॉप-अपची: रेसिपी किंवा जुनी नाट्यगीतं शोधताना एखाद्या जाहिरातीवर बोट पडतं, अख्खी स्क्रीन लाल-निळी होते, भोंगा वाजू लागतो आणि मधोमध फोन नंबर येतो. तिसरी वाट ईमेलची: ‘अँटिव्हायरसचं नूतनीकरण झालं, ३९९ डॉलर कापले जातील, रद्द करायचं असल्यास फोन करा.’ शेवटच्या दोन प्रकारांत फोन आपण करतो, त्यामुळे संशय आणखी कमी येतो. एक खूण मात्र पक्की सांगता येते: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर संदेशात फोन नंबर कधीच नसतो. मशीन बंद पडताना येणारी खरी निळी किंवा काळी स्क्रीनसुद्धा एरर कोड दाखवते, फोन नंबर नाही.

आता त्या स्क्रीनकडे येऊ. कार्यक्रमातली निम्मी वेळ यालाच द्यावी.

विंडोजचं बटण दाबून धरून ‘आर’ दाबलं की छोटी ‘रन’ची चौकट उघडते. चोर फोनवर एकेक अक्षर सांगून तिथे इव्हेंट व्ह्यूअरची आज्ञा टाइप करायला लावतो. मग डावीकडे ‘कस्टम व्ह्यूज’, त्याखाली ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह इव्हेंट्स’. समोर लाल खुणा आणि पिवळे त्रिकोण, शेकड्यांनी, कधी हजारांनी. ‘मोजा बरं किती आहेत’ असं तो मुद्दाम सांगतो, कारण मोजता मोजता माणूस घाबरत जातो. ही फक्त नोंदवही आहे. प्रिंटर जागा झाला नाही, वायफाय क्षणभर तुटलं, एखादी सेवा (विंडोजमध्ये आतून चालणारा छोटा प्रोग्रॅम) दोन सेकंद उशिरा सुरू झाली, सगळं तिथे लिहिलं जातं. आणि हा विशिष्ट व्ह्यू तर फक्त इशारे आणि चुकाच गाळून दाखवण्यासाठी बनवलेला आहे. तिथे चांगली बातमी दिसणारच नाही. ‘डिस्ट्रिब्युटेडकॉम, क्रमांक १००१६’ ही नोंद तर इतक्या मशीनवर सापडते की ती दुर्लक्षित करावी असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं आहे. दुकानातून कालच आणलेल्या लॅपटॉपवर हा व्ह्यू उघडून दाखवा. तिथेही खुणा असतील, आणि त्या पाहिल्या की पुढचं फारसं समजवावं लागत नाही.

दुसरी करामत काळ्या कमांड विंडोतली. ‘असॉक’ ही आज्ञा दिली की फाइलींच्या प्रकारांची लांब यादी सरकत जाते आणि तळाशी ‘८८८डीसीए६०’ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक दिसतो. चोर म्हणतो, ‘हा तुमच्या मशीनचा खास परवाना क्रमांक. माझ्याकडे तोच लिहिलेला आहे, जुळवून पाहा.’ तो पाठ म्हणतो आणि आकडा तंतोतंत जुळतो! जुळणारच, कारण तो प्रत्येक विंडोज मशीनवर एकच असतो. ज्येष्ठांपैकी दोघा-तिघांना आपापले लॅपटॉप आणायला सांगा आणि तिघांच्या स्क्रीनवर तोच आकडा शेजारी शेजारी दाखवा. चोराची ओळख पटवणारा सगळ्यात भक्कम पुरावा तिथेच निकालात निघतो.

बाकीच्या युक्त्या थोडक्यात. ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा दिली की ‘फॉरेन अ‍ॅड्रेस’ नावाचा रकाना दिसतो. चोर त्याचा अर्थ ‘परदेशी हॅकर’ असा सांगतो. तिथे ‘फॉरेन’ म्हणजे केवळ पलीकडचं टोक, आणि ब्राउझर उघडा असला तरी अशा डझनभर ओळी येतात. सेवांच्या यादीत ‘स्टॉप्ड’ शब्द असतो, कारण बऱ्याच सेवा गरज पडेल तेव्हाच सुरू होतात. ‘ट्री’ ही आज्ञा सगळ्या फोल्डरांची यादी भराभर सरकवते. ती सरकत असताना चोर कीबोर्डवर ‘व्हायरस सापडला’ असं टाइप करून ठेवतो आणि यादी थांबली की ते शब्द तळाशी उमटतात, जणू मशीननेच दिलेला निर्वाळा. ‘रन’मध्ये ‘आयएनएफ’ लिहून त्यापुढे कुठलाही शब्द जोडला तरी विंडोजचं तेच जुनं फोल्डर उघडतं. पुढे ‘व्हायरस’ लिहा नाहीतर ‘पुरणपोळी’ लिहा. हा शेवटचा प्रयोग प्रेक्षकांकडून शब्द मागवून करावा.

इथपर्यंत काहीही बिघडलेलं नसतं. बिघडतं ते पुढच्या पायरीवर, दूरवरून मशीनचा ताबा देणारा प्रोग्रॅम उतरवला की. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, स्क्रीनकनेक्ट, अल्ट्राव्ह्यूअर, आणि विंडोजमध्येच असलेला क्विक असिस्ट. हे सगळे प्रामाणिक कामासाठी बनवलेले आहेत, म्हणूनच अँटिव्हायरस सहसा त्यांना अडवत नाही. एनीडेस्कमध्ये ९ किंवा १० आकडी पत्ता चोर तुमच्याकडून वाचून घेतो. क्विक असिस्टमध्ये उलट घडतं: सहा अक्षरांचा कोड तो देतो, तुम्ही भरता, मग ‘अलाव’ दाबता. ज्येष्ठांनी ही नावं पाठ करण्याची गरज नाही. स्वतःहून आलेल्या फोनवर कुणी कोड वाचायला किंवा भरायला सांगितला की फोन ठेवायचा, एवढं लक्षात राहिलं तरी काम झालं.

एकदा आत शिरल्यावर तो पहिल्या काही मिनिटांत कायमच्या प्रवेशाचा पासवर्ड ठेवतो, बहुतेकदा दुसराही एखादा असाच प्रोग्रॅम बसवतो, आणि मग स्क्रीन काळी करतो. ‘स्कॅन चालू आहे, हात लावू नका.’ त्या काळोखात ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड पाहिले जातात, बँकेचं पान उघडलं जातं.

पैसे काढण्याची सर्वांत फसवी पद्धत ‘परताव्या’ची आहे. तिचं अंतरंग कळल्याशिवाय तिच्यापासून बचाव नाही. चोर म्हणतो, तुमचे ४०० डॉलर परत करायचेत, या चौकटीत रक्कम भरा. तुम्ही ४०० टाइप करता आणि तो मागून दोन शून्यं जोडतो. मग बँकेचं पान दिसतं आणि खात्यात ४०,००० जास्त! हे दोन प्रकारे साधलं जातं. एक तर तुमच्याच सेव्हिंग्जमधली रक्कम चेकिंगमध्ये हलवलेली असते. एकूण बेरीज तीच, पण आपण चेकिंगच पाहत असतो. नाहीतर एफ१२ दाबून ब्राउझरची डेव्हलपर साधनं उघडून पानावरचा आकडा फक्त दिसायला बदललेला असतो. हेसुद्धा करून दाखवा. कुठल्याही वृत्तपत्राच्या साइटवर मथळ्यावर राइट क्लिक, ‘इन्स्पेक्ट’, आणि मथळ्यात मंडळाच्या अध्यक्षांचं नाव टाका. पान रीफ्रेश केलं की नाव नाहीसं होतं. स्क्रीनवर दिसतं ते बँकेत असतंच असं नाही, हे त्या दहा सेकंदांत पोचतं. मग चोर रडवेला होतो: माझी नोकरी जाईल, जास्तीचे परत करा. आपली माणसं सज्जन असतात, दुसऱ्याचा पैसा ठेवून घेणं त्यांना झोपू देत नाही. नेमका तोच सज्जनपणा वापरून गिफ्ट कार्डं, वायर (बँकेतून थेट दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेली रक्कम) किंवा बिटकॉइन यंत्रातली रोकड मागवली जाते.

गेल्या काही वर्षांत आणखी एक मोठा प्रकार वाढला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये एफबीआयने ‘फँटम हॅकर’ या नावाने त्याचा इशारा दिला. आधी टेक सपोर्टवाला, मग ‘तुमच्या बँकेच्या फसवणूक विभागातला’ माणूस, शेवटी ‘सरकारी अधिकारी’. तिघं एकमेकांना दुजोरा देतात आणि आयुष्यभराची बचत ‘सुरक्षित’ खात्यात हलवायला लावतात. जानेवारी २०२४ मध्ये दुसरा इशारा आला: रोकड किंवा सोनं विकत घ्यायला लावून ते घरून घेऊन जायला माणूस पाठवला जातो. कुठलंही सरकारी खातं कुणाचं सोनं दारातून गोळा करत नाही.

इथे विद्यार्थ्यांचा विषय येतो, आणि तो आपण कार्यक्रमात टाळू नये अशी आमची कळकळीची विनंती आहे. दारात पाकीट घ्यायला आलेल्यांमध्ये भारतातून शिकायला आलेली तरुण मुलंही पकडली गेली आहेत. ‘पार्सल उचलून आणायचं, रोख मोबदला’ असं काम मेसेजवर मिळतं, पाठवणाऱ्याचं खरं नाव ठाऊक नसतं, पत्ता दर वेळी अनोळखी वृद्धाच्या घराचा असतो. संघराज्याच्या कायद्यात वायर फ्रॉडच्या, म्हणजे फोन-इंटरनेटवरून केलेल्या फसवणुकीच्या, किंवा मनी लाँडरिंगच्या कटाला २० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. विद्यार्थ्याचा एफ-१ व्हिसा तर त्याआधीच जाऊ शकतो. स्वतःच्या बँक खात्यातून दुसऱ्याचे पैसे फिरवून देणं हेही त्यातच मोडतं. ऑगस्टमध्ये नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत होतं तेव्हा राहण्या-जेवण्याच्या माहितीबरोबर हे पाच मिनिटं सांगा. नोकरीच्या शोधात असलेल्या मुलाला हे कायद्याच्या भाषेत कळत नाही, ताईच्या-दादाच्या भाषेत कळतं.

फोन आलाच तर काय करायचं? काही न बोलता ठेवायचा. त्याच्याशी वाद घालू नये, त्याची मजा करायलाही जाऊ नये. बोलत राहिलेला माणूस त्याच्या यादीत ‘उचलतो’ म्हणून टिकतो. पॉप-अपने स्क्रीन अडवली असेल तर एस्केपचं बटण काही सेकंद दाबून धरावं, मग ऑल्ट-एफ४. तेही नाही चाललं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’. पुन्हा उघडल्यावर ‘आधीची पानं परत आणू का’ असं विचारलं तर नाही म्हणायचं. बरेच लोक तिथेच फसतात आणि तोच भोंगा पुन्हा वाजतो. कोपऱ्यातून येणारे इशारे थांबत नसतील तर ब्राउझरच्या साइट सेटिंगमध्ये ‘नोटिफिकेशन्स’खाली परवानगी दिलेल्या अनोळखी साइट काढून टाकाव्यात.

चोर आत असतानाच लक्षात आलं, तर आधी इंटरनेट तोडा. माऊसने काही बंद करत बसू नका, माऊस त्याच्याही हातात आहे. केबल ओढा किंवा राउटरचा प्लग काढा. लॅपटॉप असेल तर पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. मग त्या मशीनला हात न लावता, दुसऱ्या फोनवरून, बँकेच्या कार्डामागच्या नंबरवर फोन करा. पासवर्ड बदलतानाही दुसरंच यंत्र वापरा, आणि क्रम पाळा: आधी ईमेल, मग बँक, मग बाकीचं. बँकेचा पासवर्ड बदलायची लिंक ईमेलवरच येते. ईमेल त्याच्याकडे राहिला तर बँकेचा बदललेला पासवर्ड तासाभरात त्याचाच होईल. ईमेलमध्ये ‘सगळीकडून लॉग-आउट’ करा आणि मेल दुसरीकडे वळवणारा एखादा नियम बसवलेला नाही ना, तेही पाहा. हे तपासायचं जवळजवळ प्रत्येकाकडून राहतं.

बँकेशी बोलताना एक फरक नेमका सांगायला हवा: बटण कुणी दाबलं? तुमच्या परवानगीशिवाय चोराने स्वतः खात्यातून इलेक्ट्रॉनिक व्यवहार केला असेल, तर तो ‘रेग्युलेशन ई’ या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांच्या अमेरिकी नियमाखाली अनधिकृत व्यवहार ठरू शकतो, जरी पासवर्ड तुमच्याकडून फसवून काढलेला असला तरी. शक्यतो दोन कामकाजाच्या दिवसांत कळवावं, कारण जितका उशीर तितकी तुमची जबाबदारी वाढते. फसून का होईना, तुम्ही स्वतः पाठवलेल्या पैशाला ते संरक्षण सहसा मिळत नाही, आणि वायर त्या नियमात बसतच नाही. तिथे ताबडतोब ‘रिकॉल’ (पाठवलेली रक्कम परत बोलावणं) मागणं आणि आयसी३वर तक्रार हाच मार्ग. तिथलं पथक बँकांशी बोलून रक्कम गोठवण्याचा प्रयत्न करतं आणि पहिल्या ७२ तासांना सर्वाधिक महत्त्व आहे. गिफ्ट कार्ड दिलं असेल तर कार्ड आणि पावती जपून ठेवून कार्ड काढणाऱ्या कंपनीला लगेच कळवा. सोशल सिक्युरिटी नंबर गेला असेल तर इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिटच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट गोठवा, म्हणजे तुमच्या नावाने नवं कर्ज काढणं अवघड होतं. २०१८ पासून ते फुकट आहे. वृद्धांसाठी अमेरिकेच्या न्यायखात्याची हेल्पलाइन ८३३-३७२-८३११ आहे. तक्रार भरायला सोबत बसतील अशी माणसं तिथे फोनवर मिळतात.

मशीनचं काय करायचं, यावर आमचं मत कडक आहे. चोर काही मिनिटंच आत होता आणि लगेच तोडला, तर रिमोट प्रोग्रॅम काढून, ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ची यादी तारखेनुसार लावून त्या दिवशी आलेलं सगळं तपासून, विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन चालवला तर कदाचित भागेल. त्या स्कॅनला साधारण १५ मिनिटं लागतात. पण स्क्रीन काळी होती, किंवा चोर अर्धा तास बसला होता, तर फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या ड्राइव्हवर काढून विंडोज कोरं बसवा. प्रोग्रॅमच्या फाइली सोबत नेऊ नका. साफसफाईवर विसंबून त्याच मशीनवर पुन्हा बँक उघडण्यापेक्षा एक दुपार खर्ची पडलेली बरी.

या सगळ्यात सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो गप्प राहण्यात. ‘मुलगा काय म्हणेल’, ‘सून हसेल’, ‘आता कॉम्प्युटर काढून घेतील’ या भीतीने आई-वडील दोन-दोन आठवडे बोलत नाहीत. तेवढ्यात चोर दुसऱ्यांदा येतो, ‘बुडालेले पैसे परत मिळवून देतो’ म्हणत, आणि उरलेलंही नेतो. म्हणून मंडळाने दोन माणसं नेमावीत, ज्यांना ज्येष्ठ थेट फोन करू शकतील आणि जी त्या ज्येष्ठांना विचारल्याशिवाय घरच्यांना काही सांगणार नाहीत. त्यातली एक शक्यतो बाई असावी. बऱ्याच काकूंना पैशाची चूक पुरुषासमोर सांगणं जड जातं. त्या दोघांनी दोनच प्रश्न आधी विचारावेत: इंटरनेट तोडलं का, आणि बँकेला फोन झाला का. ‘असं कसं केलंत?’ हा प्रश्न विचारूच नये.

कार्यक्रमानंतर प्रत्येकाच्या हातात मोठ्या अक्षरांतली एक मराठी चिठ्ठी द्यावी, फोनशेजारी किंवा फ्रिजवर लावायला. तिच्यावर पाच ओळी पुरेत: स्वतःहून आलेल्या फोनवर कोड नाही. स्क्रीनवर नंबर दिसला तर फोन नाही. चोर आत असेल तर प्लग काढा. मग कार्डामागचा नंबर. मग मंडळातल्या त्या दोघांचे नंबर. शेवटच्या ओळीची जागा कोरी ठेवून चिठ्ठीचा मजकूर आम्ही देऊ, स्क्रीन दाखवण्याचा क्रमही लिहून देऊ. आपल्या शहरातल्या मराठी शाळेचा पुढचा रविवार कळवा.

आपले स्नेहांकित,
संगणक दुरुस्ती आणि सुरक्षेच्या कामातली काही मराठी मंडळी